३.२ टक्के बेरोजगारी आणि १७ लाख अर्ज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस किंवा तलाठी भरतीची जाहिरात निघाली की वर्तमानपत्रात दोन बातम्या शेजारी शेजारी येतात. एकीत देशाचा बेरोजगारी दर तीन-सव्वातीन टक्क्यांवर आल्याचे सांगितलेले असते, दुसरीत एका जागेमागे शंभर-दोनशे अर्ज आल्याचे. वाचक मग आपापल्या राजकीय कलाप्रमाणे एक आकडा खरा धरतो आणि दुसऱ्याला थाप म्हणतो. खरे तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, आणि ज्याची काळजी वाटायला हवी ते दोघांपैकी कुणीच मोजत नाही. ते म्हणजे शिकलेल्या तरुणांचे वर्षानुवर्षे रांगेत थांबणे. त्याबद्दल गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्थशास्त्रात बरेच संशोधन झाले आहे, त्यातले काही पुण्यातल्या उमेदवारांवरच. मराठीत त्याची चर्चा क्वचित होते, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी तो ३.२ टक्क्यांचा आकडा. तो केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या श्रमबल पाहणीतून, म्हणजे पीएलएफएसमधून येतो. ही पाहणी एप्रिल २०१७ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९७२-७३ पासून साधारण पाच वर्षांनी एक मोठी पाहणी होत असे, तशी शेवटची २०११-१२ ची. पीएलएफएसप्रमाणे २०१७-१८ मध्ये दर ६.१ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२. हे प्रमाण लोकसंख्येशी काढलेले नसते. भागिले जाते ते श्रमशक्तीने, म्हणजे काम करणारे अधिक काम मागणारे यांच्या बेरजेने. कॉलेजात नाव असलेली मुलगी आणि फक्त घरकाम करणारी गृहिणी यांना या गणितात वरही जागा नसते आणि खालीही.

सगळी गोम आहे ती काम करणारा कुणाला म्हणायचे यात. ३.२ हा आकडा 'नेहमीच्या स्थिती'चा आहे. मागच्या ३६५ दिवसांत माणसाने जास्त काळ काय केले, ही त्याची मुख्य स्थिती. पण मुख्य स्थिती बेरोजगाराची असूनही वर्षात ३० दिवस कुठले पूरक काम केले असेल, तर तो कामकऱ्यांत जातो. पगार मिळायलाच हवा असे नाही. घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी मदत करणाऱ्यांसाठी पाहणीच्या प्रश्नावलीत वेगळा सांकेतिक क्रमांक आहे, २१, आणि तो कामाचाच क्रमांक आहे. आता समजा, बीए झालेला एक मुलगा गावी राहून पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे धावतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो. पेरणी आणि सोयाबीनची काढणी मिळून वर्षात महिनाभर तो घरच्या रानात राबला. स्वतःला तो बेरोजगार समजतो. आई सांगते, पोरगा अभ्यास करतोय. पाहणीच्या हिशेबात तो कामाला आहे. तोच मुलगा पुण्यात खोली घेऊन राहिला आणि पाहणी करणाऱ्याला म्हणाला, 'सध्या अभ्यास चालू आहे, दुसरे काम नको,' तर तो श्रमशक्तीच्याच बाहेर पडतो. तो बेरोजगार ठरतो ते फक्त 'काम शोधतोय' किंवा 'मिळाले तर करीन' असे म्हटले तरच. त्यातही बऱ्याच घरांत उत्तर देणारा दुसराच कुणीतरी असतो.

ही लबाडी नव्हे. उत्पादनात कुणाचा हात लागला ते मोजण्यासाठी ही व्याख्या आहे, आणि त्या कामाला ती चांगली आहे. फक्त तिच्याकडून नोकरीचा ताण मोजण्याची अपेक्षा करू नये. २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात दर घटला, तेव्हा कामकऱ्यांमधले स्वयंरोजगारी ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ वर गेले. त्यातले घरच्या धंद्यातले बिनपगारी मदतनीस १३.६ वरून १९.४ वर गेले. नियमित पगारदार मात्र २२.८ वरून २१.७ वर आले. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग याच काळात २३.३ वरून ४१.७ टक्के झाला. हे आकडे शेजारी ठेवले की दर घटण्याचा अर्थ बराच बदलतो.

राज्यांची तुलना तर आणखी बोलकी आहे. २०२३-२४ मध्ये मध्य प्रदेशाचा दर १ टक्का, गुजरातचा १.१, झारखंडचा १.३. केरळचा ७.२ आणि गोव्याचा ८.५. गोव्यातले लोक झारखंडपेक्षा हलाखीत आहेत असे कुणी म्हणणार नाही. ज्याच्या घरात दोन महिन्यांचे धान्य नाही त्याला बेकार बसणे परवडत नाही, मिळेल ते काम धरावे लागते. बेकार राहायलाही घरची ऐपत लागते. बारावीच्या पुढे शिकलेली मुले, परदेशातून येणारा पैसा, बापाचे पेन्शन जिथे असते तिथे दर चढलेला दिसतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालात २०२२ साली तरुण पदवीधरांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्येच सांगून ठेवले होते, की आपल्यासारख्या देशात बेरोजगारी एका आकड्यात बसवू नका. त्याच सल्ल्यातून नेहमीची स्थिती, आठवड्याची स्थिती, दिवसाची स्थिती अशी वेगवेगळी मापे आली. आपण मात्र मथळ्यासाठी पुन्हा एकच आकडा उचलतो.

जाता जाता एक सूचना आपल्या वार्ताहरांसाठी. जानेवारी २०२५ पासून ही पाहणी दर महिन्याचे आकडे देते. एप्रिल २०२५ चा दर ५.१ टक्के होता. तो आठवड्याच्या स्थितीचा आहे, म्हणजे मागच्या सात दिवसांत एकाही दिवशी एक तासही काम केले नाही, पण काम शोधत होते किंवा करायला तयार होते, अशांचा. तो ३.२ शेजारी ठेवून 'बेरोजगारी उसळली' असे लिहिणे चूक आहे. २०२३-२४ या एकाच वर्षाचा दर नेहमीच्या स्थितीने ३.२ आणि आठवड्याच्या स्थितीने ४.९ होता. शिवाय २०२५ पासून नमुन्याची रचनाही बदलली आहे, त्यामुळे जुन्या मालिकेला नवी मालिका जोडताना जपावे.

आता दुसरा आकडा, अर्जांचा. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले. भागाकार केला की जागेमागे १०१ अर्ज. पण अर्ज म्हणजे उमेदवार नव्हे. एकाच मुलाला शिपाई, चालक, राज्य राखीव दल अशा निरनिराळ्या पदांसाठी अर्ज करता येत होते. अर्ज करणाऱ्यांत नोकरी असलेलेही असतात, दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थीही, आणि 'भरून तर ठेवू' म्हणणारेही. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले, की २०१४ पासूनच्या आठ वर्षांत केंद्रातल्या नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार जणांची शिफारस झाली. २२ कोटी तरुण बेरोजगार होते असा याचा अर्थ कुणी काढू नये. एकेकाने दहा-वीस परीक्षा दिल्या असतील. पण एका शिफारशीमागे तीनशेवर अर्ज पडले, प्रत्येकाची फी, प्रवास, झेरॉक्स आणि रजा खर्ची पडली, हे खरे. २०२३ च्या तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये शुल्क होते आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. ९०० नेच गुणले तरी ९० कोटी होतात.

मग ही मुले वेडी आहेत का? घरोघरी हा प्रश्न विचारला जातो, आणि संशोधनाने त्याला दिलेले उत्तर रंजक आहे.

नोकरीच्या शोधाचे अर्थशास्त्र १९६१ च्या जॉर्ज स्टिगलर यांच्या लेखापासून मोजतात. माहिती फुकट मिळत नाही, म्हणून माणूस शोध घेतो, एवढी साधी गोष्ट त्यांनी मांडली. १९७० मध्ये जॉन मॅकॉल यांनी ती गणितात बसवली. शोधणाऱ्याच्या मनात एक उंबरठा असतो. त्याच्या खालचा पगार तो नाकारतो आणि थांबतो, वरचा मिळाला की थांबणे संपते. उंबरठा किती उंच, हे तीन गोष्टींवर ठरते. थांबण्याचा खर्च, चांगली नोकरी मिळण्याचा अंदाज, आणि ती नोकरी किती वर्षे टिकणार. पुढे या विचारावर उभ्या राहिलेल्या सिद्धान्तासाठी डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस यांना २०१० चे नोबेल मिळाले.

हे गणित आपल्याकडच्या मुलाला लावून पाहू. आकडे अंदाजी आहेत, पण फार दूरचे नाहीत. खासगी नोकरीत त्याला महिना १५ हजार मिळाले असते. ते सोडून तो पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका, क्लास आणि फॉर्म यांवर महिना १० हजार खर्च करतो. म्हणजे एका वर्षाची किंमत तीन लाख. सरकारी नोकरीत तलाठ्याच्या श्रेणीचे मूळ वेतन २५,५०० आहे, भत्ते धरून ४० हजार समजू. फरक महिना २५ हजार, वर्षाला तीन लाख. ही नोकरी तीस वर्षांची, पण तीस वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. आठ टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणले, तर तीस वर्षांच्या फरकाची बेरीज सुमारे ३४ लाख होते. तीन लाख लावून ३४ लाखांचे बक्षीस. वर्षभरात निवड होण्याची शक्यता अकरात एक असेल, तरच हा सौदा पुरतो. प्रत्यक्षात ती शंभरात एक असली, तर निव्वळ पगार पाहून थांबणे तोट्याचे आहे.

पण मुले निव्वळ पगार पाहत नाहीत. कुणाल मंगल या अर्थतज्ज्ञाने पुण्यात परीक्षेची तयारी करणाऱ्या उमेदवारांच्या वागण्यावरून उलटे गणित केले. इतके दिवस, इतका खर्च सोसून ते थांबतात, तर त्यांच्या लेखी नोकरीची किंमत किमान किती असली पाहिजे? उत्तर असे आले, की त्या किमतीचा निदान चार पंचमांश भाग पगाराच्या बाहेरचा आहे. पगार किती हे त्यांना ठाऊक नव्हते असेही नाही, ते ठाऊकच होते. नोकरी जाण्याची भीती नसणे, मान, बदलीतले आणि अधिकारातले बळ, लग्नाच्या बाजारातली पत अशा गोष्टी त्या बाहेरच्या भागात येतात. आता वरचे गणित पुन्हा करा. ४० हजार हा एक पंचमांश असेल, तर एकूण मोल दोन लाखांचे. फरक महिना १ लाख ८५ हजार, तीस वर्षांची आजची किंमत अडीच कोटींच्या घरात. तीन लाखांचा डाव पुरायला आता ८३ मध्ये एक शक्यता पुरेशी होते. मंगल यांचे उमेदवार राज्यसेवेचे होते, त्यामुळे तलाठ्याला हे जसेच्या तसे लागू होत नाही. पण १०१ अर्जांमागे एक जागा असताना रांग का मोडत नाही, ते यातून कळते. मुलांना 'मानसिकता बदला' असे सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

शक्यतेचा अंदाज मात्र मुलांचा चुकतो, आणि तो चुकावा अशीच सगळी व्यवस्था आहे. निवड झालेल्याचा फ्लेक्स चौकात लागतो, क्लासच्या जाहिरातीत त्याचा फोटो येतो. सहा वर्षांनी गावी परतलेल्याचा फ्लेक्स कुणी लावत नाही. अभ्यासिकेत दिसतात तेही टिकून राहिलेले. त्यात राज्यसेवेसारख्या परीक्षांना कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३. दार इतकी वर्षे उघडे असले की 'आता पुरे' म्हणण्याचा दिवस पुढेच सरकतो.

मंगल यांचेच दुसरे काम तमिळनाडूवरचे आहे, आणि धोरणासाठी ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. २००१ ते २००६ या काळात तिथल्या सरकारने बहुतेक नोकरभरती गोठवली. पोलीस, शिक्षक, डॉक्टर यांना त्यातून वगळले होते. उरलेल्या भरतीतल्या जागा ८६ टक्क्यांनी घटल्या. साध्या तर्काने मुलांनी खासगी नोकऱ्यांकडे वळायला हवे होते. झाले उलटे. पदवीधर तरुण कामातून बाहेर पडून पूर्ण वेळ तयारीला बसले, आणि त्या पिढीची पुढची कमाईही घटलेली दिसते. याचे एक कारण असे, की स्पर्धा परीक्षेच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासाला फळ जवळजवळ शून्य असते, तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासाला भरपूर. परीक्षा लांबली की जास्त अभ्यासाला वेळ मिळतो, आणि आज रांग सोडणारा साचलेले सगळे गमावतो. शिवाय गोठवलेली भरती कधी सुटणार हे कुणी सांगितले नव्हते. जागा कमी करण्याइतकेच नुकसान तारीख न सांगण्याने झाले.

हे महाराष्ट्राला तंतोतंत लागते. ५ एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे ढकलली जाऊन अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. तेव्हा करोनाचे कारण होते. पण २०२४ ची पूर्वपरीक्षाही २५ ऑगस्टवरून १ डिसेंबरवर गेली. त्यामागे बँकेच्या परीक्षेशी झालेली टक्कर आणि कृषी सेवेच्या जागांचा प्रश्न होता. त्या मागण्या रास्त असतील. पण ढकलण्याची किंमत कुणी मोजली का? वरच्याच हिशेबाने एका उमेदवाराचा महिना २५ हजारांना पडतो. तीन महिन्यांच्या विलंबाने हजार उमेदवारांमागे साडेसात कोटी जातात. हा खर्च कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, कारण तो शेतकरी बापाच्या पाकिटातून होतो.

यात शिक्षणाचा संबंध कुठे? मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले, की पदवी मालकाला एक खूण म्हणून उपयोगी पडते. मिळवायला कष्टाची आहे, म्हणून ती ज्याच्याकडे आहे तो बरा असावा, असा मालक अंदाज बांधतो. सगळ्यांकडेच पदवी आली आणि तिच्यात शिकणे कमी झाले, की खूण पुसट होते. मग चाकणचा एचआरवाला ओळख, कॉलेजचे नाव आणि इंग्रजी यांवर निवड करतो. नांदेडच्या बीएच्या मुलाकडे या तिन्ही गोष्टी नसतात. त्याला ओळखीशिवाय, एका मापाने तोलणारी एकच जागा उरते, ती म्हणजे सरकारी परीक्षा. सरकारी नोकरीचे वेड असे आपण जिला म्हणतो, ती निदान अंशतः खासगी बाजारातल्या माहितीच्या दुष्काळातून आलेली गोष्ट आहे.

या दुष्काळावर काय चालते, याचे प्रयोग झालेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या बेरोजगार तरुणांची आकडेमोड, संवाद, नियोजन, चिकाटी अशा सहा कौशल्यांची चाचणी घेतली गेली, आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटाला मालकाला दाखवता येईल असे नावानिशी प्रमाणपत्र दिले. त्या गटाचा रोजगार १७ टक्क्यांनी आणि कमाई ३४ टक्क्यांनी वाढली. तेच निकाल फक्त उमेदवाराला खासगीत सांगितले, तेव्हा रोजगारात ठळक फरक पडला नाही. मुलगा हुशार असून भागत नाही, ते मालकाला कळावे लागते. इथिओपियात अदिस अबाबात एका गटाला शहराच्या मध्यभागी जाहिरातींचे फलक पाहायला जाण्याचे बसभाडे दिले, दुसऱ्याला अर्ज, मुलाखत आणि कौशल्याचे प्रमाणपत्र यांची छोटी कार्यशाळा. सुरुवातीला दोन्ही गटांना चांगल्या नोकऱ्या मिळायला मदत झाली. चार वर्षांनी पाहिले तर कार्यशाळेवाल्यांची कमाई वाढलेली होती, बसभाड्याचा परिणाम विरून गेला होता.

सगळेच उपाय चालत नाहीत. भारतात व्यवसाय प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांना नोकरीच्या मोबाइल पोर्टलवर नोंदवण्याचा प्रयोग झाला. नोंद झालेल्यांचा रोजगार काही काळ उलट घटला. पोर्टलवरून चांगले काहीतरी येईल या आशेने त्यांनी हातातले काम नाकारले, म्हणजे उंबरठा उंचावला. फ्रान्समध्ये २३५ रोजगार क्षेत्रांत सुशिक्षित तरुणांना नोकरी शोधायला मदत केली, तेव्हा मदत मिळालेल्यांना फायदा झाला, पण बऱ्याच अंशी तो मदत न मिळालेल्यांच्या वाटणीचा होता. मंदीच्या बाजारात तर हे जास्तच. जागा ठरलेल्या असतील तर मदतीने रांगेतला क्रम बदलतो, रांग आखूड होत नाही. सरकारी खर्चाने मोफत स्पर्धा परीक्षा क्लास काढणाऱ्या सर्व संस्थांना हे लागू आहे. सामाजिक न्यायासाठी ते क्लास जरूर काढावेत, वंचित मुलाला क्रम मिळणे हाही हेतू असू शकतो. पण त्याला बेरोजगारी निर्मूलन म्हणू नये.

उलट दिशेनेही पाहता येते. रॉबर्ट जेन्सन यांनी दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांत तीन वर्षे भरती करणारे लोक पाठवले. त्यांनी तरुण मुलींना बीपीओतल्या, म्हणजे कॉल सेंटरसारख्या नोकऱ्यांची माहिती दिली आणि त्या मिळवायला मदत केली. त्या गावांत मुलींची लग्ने आणि बाळंतपणे लांबली, त्यांनी पुढचे शिक्षण आणि संगणकाचे वर्ग धरले, आणि धाकट्या, शाळेच्या वयाच्या मुलींचे शाळेत जाण्याचे प्रमाणही वाढले. शाळेत शिकवण्याची पद्धत त्यासाठी बदललेली नव्हती. शिकण्याचा उपयोग होतो हे गावाला दिसले, एवढेच.

आता आपल्या राज्यात काय करता येईल ते सांगतो. पहिली गोष्ट तारखांची. राज्य लोकसेवा आयोग वेळापत्रक काढतोच, पण विभागांची मागणीपत्रे वेळेवर न आल्याने ते डळमळते. विभागाने ठरलेल्या दिवशी मागणीपत्र दिले नाही तर त्या जागा पुढच्या वर्षी जातील, परीक्षा हलणार नाही, असा नियम केला तर काही जागांचे नुकसान होईल. लाखो उमेदवारांच्या महिन्यांपुढे ते थोडे आहे. सरळसेवेच्या भरतीला तर असे पक्के वेळापत्रकच हवे. पाच वर्षे काही नाही आणि मग एकदम हजारो जागा, ही पद्धत रांग वाढवण्यासाठीच जणू बेतलेली आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुलाखतीपर्यंत पोहोचून निवड न झालेल्या, संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्या संस्थांना पाहता येईल अशी 'प्रतिभा सेतू' ही सोय केली आहे. राज्यसेवेच्या, गट ब आणि गट क च्या परीक्षांनाही असा पूल हवा, आणि तो मुलाखतीपर्यंतच थांबू नये. मुख्य परीक्षेत वरच्या दहा टक्क्यांत आलेल्या मुलाकडे आकडेमोड, वाचन आणि चिकाटी या तिन्हींचा पुरावा असतो. पतसंस्था, विमा कंपनी, साखर कारखान्याचे कार्यालय यांना तो पुरावा कळेल अशा एका पानावर छापून द्यायला खर्च फारसा नाही. विषयवार गुण, एकूण परीक्षार्थींमधले स्थान आणि पडताळणीचा क्यूआर कोड एवढे पुरे. कुठे बिघडेल तेही सांगतो. फक्त 'उत्तीर्ण' असा शिक्का मारला तर मालक त्याला भाव देणार नाही, आणि पडताळणी नसेल तर महिन्याभरात बनावट प्रती बाजारात येतील.

तिसरी गोष्ट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची. जुलै २०२४ पासूनच्या या योजनेत बारावीला ६ हजार, आयटीआय आणि पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार असे विद्यावेतन सहा महिन्यांसाठी ठरले. पुढे मुदत अकरा महिने झाली. अनेक प्रशिक्षणार्थी सरकारी कार्यालयांत, शाळांत, ग्रामपंचायतींत बसले आणि मुदत संपताच कायम करा म्हणून रस्त्यावर आले. वरचे सिद्धान्त माहीत असणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. उमेदवाराला सरकारी टेबलामागे बसवले की त्याचा उंबरठा सरकारी होतो. योजनेचे यश किती जणांना विद्यावेतन दिले यावर मोजले जाते. मोजायला हवे ते असे. जिथे जागांपेक्षा अर्ज जास्त आले तिथे चिठ्ठ्या टाकून निवड करा. निवड झालेल्या आणि न झालेल्या दोन्ही गटांना सहा, बारा आणि चोवीस महिन्यांनी फोन करून विचारा, सध्या काय करता, किती मिळते. सरकारी कार्यालयात बसलेले आणि खासगी कारखान्यात बसलेले वेगळे मोजा. हजार-दोन हजार फोनचे हे काम कुठल्याही विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाला जमेल.

वर्तमानपत्रांकडून मागणे थोडे आहे. पुढच्या भरतीची बातमी देताना अर्जांच्या संख्येशेजारी चार आकडे मागून घ्यावेत. वेगवेगळे उमेदवार किती, प्रत्यक्ष परीक्षेला हजर किती, शेवटच्या निवड झालेल्याच्या खाली पाच गुणांच्या अंतरात किती, आणि निवड झालेल्यांचा हा कितवा प्रयत्न होता. पहिले तीन परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या संगणकात आधीच असतात. चौथ्यासाठी अर्जात एक रकाना वाढवावा लागेल.

आपला,
अर्थशास्त्राचा एक अध्यापक, पुणे